गडी

पहाटे साडेपाचला मकतूमसाब बेपारी
बर्फाच्या डब्यात माझ्यासाठी बाजूला ठेवतो
बकऱ्याच्या मूत्रपिंडावर बसलेली ती पावट्याएवढी गाठ.
"हे कोण खात नाही गे बाई, खरं तू न्हेतीस,"
असं म्हणतो, पैसे घेत नाही,
आणि कधी कधी दोन जास्त देतो.

मला तिची फक्त बाहेरची साल हवी.
पात्याने खरवडते, चिंचोका खरवडावा तशी.
मग कोमट पाण्यात तासभर एन्झाइम,
आणि पेशी एकेक करून सुटतात,
शनिवारचा बाजार उठल्यावर
येळ्ळूरच्या, कंग्राळीच्या बायका
रिकाम्या बुट्ट्या घेऊन सुटतात तशा.
रात्रभर त्यांना खूण केलेलं इनॉसिटॉल पाजते,
गोडसर, किंचित किरणोत्सारी.

सकाळी अँजिओटेन्सिनचा एक थेंब.

तो आत जात नाही.
हे हिरेमठ मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, खडू शोधत:
निरोप्या दारात थांबतो,
मोडतं ते दारच.
पडद्याच्या अंगातली चरबी, फॉस्फरस ल्यालेली,
तिचे दोन तुकडे होतात.
एक पाण्यात उडी घेतो, आत धावतो,
कॅल्शियमची कोठारं उघडायला लावतो.
दुसरा पडद्यातच राहतो, चरबीला चरबी धरून,
आणि तिथूनच काय काय हलवतो.
शेवटी गाठ रक्तात एवढंच सांगून पाठवते:
मीठ सोडू नका.

"गडी," मॅडम म्हणाल्या, पडद्यावर बोट ठेवून.
त्यांच्या भाषेत हद्द.
माझ्या भाषेत खेळायला घेतलेला जोडीदार.
वहीत मी अर्थ लिहिला नाही,
नुसतं गडी लिहिलं.

मोजायचं म्हणजे थांबवायला लागतं.
नाहीतर मोडलेला तुकडा पेशी झरझर सोलते,
पुन्हा पडद्यात विणते, हाती काही लागत नाही.
म्हणून नळीत लिथियम घालायचं.
वरच्या फळीवरची तपकिरी बाटली, झाकणाला मेण.

तेच नाव भैरूच्या गोळ्यांच्या पाकिटावर आहे.

भैरू माझा धाकटा भाऊ. पिग्मी गोळा करायचा,
खडेबाजार ते शहापूर, सायकलवर, चोख हिशोब.
गेल्या मे महिन्यात एका रात्रीत
त्याने खानापूर रस्त्यावरचे अकरा मैलाचे दगड
चुन्याने पांढरे करून टाकले.
कुठलंच गाव लांब ऱ्हायला नको, म्हणाला.
पोलिसांना आधी वाटलं भाषेचं प्रकरण आहे.
त्यांनी दोनदा विचारलं, कुठल्या बाजूचा?
तो हसत होता. चार दिवस झोपला नव्हता.

आता झोपतो. हात थरथरतो,
कपातला चहा बशीत येतो.
डॉक्टर म्हणाले मीठ कमी करू नका, वाढवूही नका,
रोज सारखं.
म्हणून घरात आमटीचं मीठ मी चमच्याने मोजते,
प्रयोगशाळेतली सवय.

रात्री दोनला यंत्र आकडे काढत बसतं.
हार्मोन आणि लिथियम: चार हजार आठशे बारा.
नुसतं लिथियम: सहाशे अकरा.
मॅडम म्हणतात तो वजा करायचा,
तो काहीच न झाल्याचा आकडा.
खरं कोणी दारात आलेलं नसताना
सहाशे अकरा वेळा तिथं काय मोडलं
हे मला विचारायचं होतं, राहून गेलं.

घरी आले तर भैरू जागाच, ओट्याशी.
"काय करूलैस?" मी म्हटलं.
"तुझी वही वाचली," तो म्हणाला.
"थेंब आत गेलाच नाही लिहिलंयस,
मग आतल्याला कळलं कसं गे?"

मी सांगायला लागले, दार, चरबी, दोन तुकडे.
मध्येच तो उठला, तांब्याभर पाणी प्याला,
तांब्या पुन्हा भरला,
आणि न सांडता, दोन्ही हातांनी धरून,
जाग्यावर ठेवला.
"हं, पुढं?" म्हणाला.